उडालेला नारंगी

पाट्या रंगवण्यात चाळीस वर्षं घालवलेल्या पेंटरकाकांना सुनेने वाढदिवसाला खाऱ्या पाण्यातला एक मासा दिला. नारंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. पण चार महिन्यांत नारंगी पार फिकट पडला. काका तडक दुकानात गेले.

“बाई, कच्चा रंग मारून मासे विकता होय? मी स्वतः पेंटर आहे, मला नका शिकवू!”

दुकानदार बाई हसल्या. “काका, खायला काय घालता त्याला?”

“पावाचा चुरा. मिटक्या मारत खातो.”

“मग तिथंच घोडं अडलंय. हा नारंगी रंग माशाला स्वतः बनवता येत नाही. समुद्रातलं शेवाळ तो बनवतं, शेवाळ खाते बारीक कोळंबी आणि कोळंबीला खातो हा. तुम्ही त्याचा रंगाचा डबाच रिकामा ठेवलात!”

काका ओशाळले. कोळंबीचं खाद्य घेऊन आले आणि रोज चिमूटभर घालू लागले. दीडेक महिन्यात मासा पुन्हा झळकू लागला.

“बाबा, काय रंग चढलाय हो!” सून म्हणाली.

“हा नुसता पहिला हात,” काका ऐटीत म्हणाले. “दुसरा मारायचाय अजून.”