पेरलेल्या चुका

चाळीस वर्षं इंग्रजी वर्तमानपत्राची प्रुफं तपासलेल्या माणसाला निवृत्ती मानवत नसते. आमच्या मुद्रितशोधकांनी घरीच कारखाना उघडला. औषधाचं खोकं असो की सोसायटीची नोटीस, लाल पेन्सिल फिरलीच पाहिजे. कुणी ‘डिस्कस अबाउट’ म्हटलं की यांच्या कपाळाला आठी. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "फीवर सिन्स टू डेज?" तर आधी त्यांना ‘फॉर’ म्हणायला लावलं आणि मगच जीभ दाखवली!

एकुलत्या एका लेकीला त्यांनी प्रुफाच्या खुणा मांडीवर बसवून शिकवल्या होत्या. तिला आवडायचे ते ठिपके. चुकून खोडलेल्या शब्दाखाली ठिपके दिले, की त्याचा अर्थ ‘आहे तसं राहू दे’.

लेक परगावी नोकरीला लागली. पत्र इंग्रजीतच लिहायचं, हा बापाचा नियम. तीन वर्षांपूर्वी तिनं लिहिलं, की इथे करमत नाही, ऑफिसात कुणी बोलत नाही, एकटीनं जेवताना रडू येतं. बाबांनी त्यातल्या चौदा चुका दुरुस्त केल्या आणि तेच पत्र टपालानं परत पाठवलं. सोबत एक ओळही नाही. आणि हे सगळं मायेपोटी, बरं का! धन्य तो बाप.

त्यानंतर पत्रं बंद झाली. फोन यायचा तो आईला. बाबांच्या वाट्याला फक्त ‘ते बरे आहेत ना?’

"अहो, आता तुम्हीच लिहा," शेवटी बायको म्हणाली. "आणि शहाणपणा नको."

ते टेबलाशी बसले. माफीचा शब्द काही केल्या कागदावर उतरेना. मग युक्ती सुचली. घरची खबरबात इंग्रजीत लिहून त्यात त्यांनी मुद्दाम अकरा चुका पेरल्या. प्रत्येक चुकीला हात अडखळत होता. खाली मराठीत लिहिलं, ‘आता तुझी पाळी’, आणि पाकिटात आपली लाल पेन्सिल घातली.

बारा दिवस त्यांनी टपालपेटी उघडून पाहिली. तेराव्या दिवशी पाकीट आलं. आत त्यांचंच पत्र, लालेलाल झालेलं. त्यांनी चष्मा पुसून मोजायला घेतलं. अकराच्या अकरा सापडल्या होत्या. पोरगी कुणाची!

मग शेवटच्या इंग्रजी ओळीशी बोट थांबलं. तिथेही लाल होतं. ही बारावी चूक त्यांनी पेरलेली नव्हती. ‘आय ॲम मिसिंग यू सिन्स थ्री इयर्स.’ जन्मभर ज्या ‘सिन्स’वरून जगाशी भांडले, तोच त्यांच्या हातून नकळत उतरला होता. लेकीनं तो खोडला होता. आणि मग अख्ख्या ओळीखाली सावकाश, जवळजवळ ठिपके दिले होते.

"काय म्हणतेय?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

कागद त्यांनी टेबलावर नीट सपाट केला.

"राहू दे म्हणतेय."