गाडीचं कुंकू

सन अठ्ठावन्नच्या हिवाळ्यात बडनेऱ्याच्या खुशालरावांची लाल गाडी रस्त्यावर आली, तेव्हा तिचा वेग असा होता की गाडी मूर्तिजापुरात पोचलेली असायची आणि तिचा आवाज अजून कुरुमच्या आसपास रेंगाळत असायचा. गाडीवर भुंकायला धावलेली कुत्री मागून येणाऱ्या आवाजावर भुंकून समाधान मानायची.

अशा गाड्या वऱ्हाडात दोनच. चिखलदऱ्यावर कॉफी लावणाऱ्या दोन गोऱ्या भावांनी त्या विलायतेहून आणल्या होत्या. स्विफ्टन कंपनीच्या, दोन माणसांच्या, बसक्या, लांब नाकाच्या. सत्तेचाळीस साली ते दोघे मायदेशी निघाले आणि जाता जाता एक गाडी खुशालरावांना विकली, दुसरी त्यांच्या साडूला, म्हणजे अकोल्याच्या महादेवरावांना. खुशालरावांच्या गाडीत दहा वर्षं कोंबड्यांनी अंडी उबवली. महादेवरावांच्या रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसमध्ये दुसऱ्या गाडीवर सरकीची पोती रचली गेली. पण एकाने आपली गाडी दुरुस्तीला काढली म्हटल्यावर दुसऱ्याला झोप कशी लागणार?

त्यात अकोल्याच्या जत्रेत जुन्या मोटारींचा मेळा भरायचं ठरलं. जी गाडी कारखान्यातून निघाल्यासारखी अस्सल, ती मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे. सासुरवाडीच्या पंगतीत, वांग्याच्या भाजीवर दोघे साडू शेजारी बसले आणि विषय निघालाच.

"तुमची गाडी म्हणजे बैलबंडीले इंजिन बांधलं," महादेवराव म्हणाले. "अजून कोंबड्याईचा वास येऊन राहिला."

"तुमच्या गाडीतून सरकी गळते, महादेवराव. मांगं बैलं चरत येतात."

"मंग लावा पैज."

"लावली. ज्याची गाडी खोटी निघन, त्याची मिशी जाईन."

पंगतीतल्या सगळ्या माना दोघांच्या मिशांकडे वळल्या. खुशालरावांची मिशी साधीसुधी नव्हती. तिच्या एका टोकाला पोपट बसला होता म्हणतात, आणि दुसऱ्या टोकाला बसायला जागा आहे का, असं दुसऱ्या पोपटाने विचारलं होतं. महादेवरावांचीही काही कमी नव्हती. खुशालरावांच्या आशाबाई आणि महादेवरावांची जमुना, या दोघी सख्ख्या बहिणी, वाढता वाढता एकमेकींकडे पाहून गालात हसल्या.

मेळ्याचा नियम मात्र कडक होता. परीक्षक कमलाकांत पिंपळखुटे, मुंबईच्या मोटार कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांनी कळवलं, नवा रंग चालेल, नवी गादी चालेल, पण इंजिनामागच्या पत्र्यावर कारखान्याच्या तपासणीसाने पिवळ्या रंगाने जी खूण केलेली असते, ती नव्याने काढली तरी मुळाबरहुकूम हवी. एक रेघ कमी नको, एक ठिपका जास्त नको.

खुशालरावांनी ऐटीत बॉनेट उघडलं. आतला पत्रा चांदीच्या ताटासारखा लखलखत होता. खूण कुठेच नव्हती.

"अवं, इथं काही पिवळं होतं काय?"

"होतं ना," आशाबाई म्हणाल्या. "पोरगं शिकल्यावानी गिरगोटलं होतं. राखेनं घासलं म्या. तीन डाव घासलं तवा निघालं."

खुशालराव मडगार्डवर बसले. हात आपोआप मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"कसं होतं थे? आठवते काय?"

"आठवाचं काय त्यात? रोज तं पायता तुमी." आशाबाईंनी दाराकडे बोट दाखवलं.

उंबऱ्यासमोर रांगोळी होती. एक वेटोळं, त्यातून सुटलेली लांब शेपटी, शेपटीखाली दोन आडव्या रेघा. पुसताना आशाबाईंना ते चित्र आवडलं होतं. साहेबाच्या देवाचं काही असेल, घरात आलं तर वाया कशाला घालवा, म्हणून त्यांनी ते दारात काढायला घेतलं. शेजारणींनी उचललं. वर्षभरात अर्ध्या बडनेऱ्याच्या उंबऱ्यांवर विलायतेच्या त्या तपासणीसाची सही रोज सकाळी उमटत होती, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता.

खुशालरावांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी पिवळा रंग आणला, ब्रश घेतला, बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि गांडुळासारखं काहीतरी काढलं.

"सरका तिकडं," आशाबाई म्हणाल्या. त्यांनी रॉकेलच्या बोळ्याने ते पुसलं, पदर खोचला, आणि एका दमात, हात न उचलता, वेटोळं, शेपटी, दोन रेघा. खूण अशी उतरली जणू तो तपासणीस कालच करून गेला. खुशालराव आनंदाने घराला फेरी मारून आले. तेवढ्यात आशाबाईंनी बॉनेट लावून टाकलं.

मेळ्याच्या दिवशी गाडी निघाली. माना स्टेशनाजवळ नागपूरहून येणारी पॅसेंजर आडवी आली, म्हणजे रुळांवरून सोबत चालली होती. खुशालरावांनी पाय दाबला. गाडी पुढे गेली, तेव्हा पॅसेंजरच्या गार्डने सवयीने त्यांनाच हिरवं निशाण दाखवलं. आशाबाईंनी डोक्यावरचा पदर दातांत धरला होता. अकोल्यात उतरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माहा पदर पोचला. डोस्कं मांगून येऊन राहिलं असन."

मैदानात तोबा गर्दी होती. महादेवरावांची निळी गाडी ऊन खात उभी होती आणि एक न्हावी वस्तरा घेऊन तिला टेकला होता. महादेवरावांनीच बोलावला होता त्याला.

पिंपळखुटे आधी लाल गाडीकडे आले. बॉनेट उघडलं. चष्मा वर केला, खाली केला. वाकले, आणखी वाकले.

"अप्रतिम," ते म्हणाले. "हाताची ही लकब नुसत्या नकलेने येत नाही. ही ओढ खरी आहे." खुशालरावांची मिशी दोन बोटं वर चढली. "पण हा लाल ठिपका काय आहे?"

खुशालरावांनी पाहिलं. वेटोळ्याच्या बरोबर वर, मेणावर घट्ट बसवलेलं, ठसठशीत कुंकू होतं. बाजूला हळदीचं बोट.

"आशे," ते हळूच म्हणाले, "हे कवा केलं?"

"तुमी घराले फेरी मारत होते तवा. रांगोळी काढली तं हळदकुंकू नाही वाहाचं काय?"

"हरकत नाही," पिंपळखुटे म्हणाले. "कारखान्यात हे नसतं. तेवढं कुंकू पुसून टाका, गाडी अस्सल म्हणून मी जाहीर करतो."

त्यांनी स्वतःचा रुमाल पुढे केला. बायकांनी तोंडावर पदर घेतले. कुंकू पुसा, हे भर जत्रेत, सवाष्णीला, नवऱ्यादेखत.

आशाबाईंनी रुमालाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "माह्या हातानं नाही पुसणार. तुमाले पुसाचं असन तं पुसा."

महादेवराव खाकरले. "पुसून टाका खुशालराव. मिशी वाचन."

खुशालरावांनी एकदा मिशीवरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याला बराच वेळ लागला. मग ते न्हाव्यापुढे मांडी घालून बसले.

"कुंकू राहू दे, साहेबजी. मिशी काय, कपाशीच्या पराटीवानी पुन्हा येते. चालव रे वस्तरा."

न्हाव्याने डावी बाजू उतरवली. गर्दीतून असा सुस्कारा निघाला की तंबूची कनात हलली. आणि त्याच वेळी पलीकडे पिंपळखुट्यांनी निळ्या गाडीचं बॉनेट उघडलं.

"महादेवराव," त्यांनी विचारलं, "ही खूण कुणी काढली?"

"आमचा देवीदास पेंटर. रुईच्या गाठींवर मार्के मारते. कंपनीच्या पुस्तकातलं चित्र समोर ठेवून हुबेहूब काढलं जी. रेघ सोडली नाही."

"खरंच सोडली नाही." पिंपळखुट्यांनी हसू दाबलं. "पण इथे बाण आहे. आणि खाली इंग्रजीत 'फिग. सात' लिहिलंय."

"हो मंग. फिग म्हणजे तिथला मुकादम असन."

"फिग म्हणजे आकृती. आकृती सातवी. ते पुस्तकातल्या चित्राखालचं नाव आहे."

हसण्याची लाट मैदानातून निघाली ती थेट स्टेशनापर्यंत गेली. जमुना तर बहिणीच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. बसल्या जागी खुशालरावांनी न्हाव्याचं मनगट धरलं. "थांब रे बाबू. उजवीले हात लावू नोको."

"उतरवा पूर्ण," महादेवराव म्हणाले. "तुमची आधी खोटी निघाली."

"दोन्ही गाड्यांवर एकेक गोष्ट जास्त आहे," पिंपळखुटे डोळे पुसत म्हणाले. "पैज एका मिशीची होती. तेव्हा एकच मिशी जाईल. निम्मी यांची गेली. उरलेली निम्मी तुम्ही द्या."

महादेवरावांनी गाडीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. जमुनेने न्हाव्याकडे बोट दाखवलं. त्यांची उजवी बाजू उतरली.

पुढचा मानही दोघांत वाटला गेला, आणि मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे दोन गाड्या लागून लागून निघाल्या. उजवीकडच्या लाल गाडीत उजव्या मिशीचे खुशालराव, शेजारी आशाबाई, बॉनेटमध्ये कुंकू शाबूत. डावीकडच्या निळीत डाव्या मिशीचे महादेवराव आणि जमुना. समोरून पाहणाऱ्याला दोन साडवांची मिळून एकच, पण रस्ताभर रुंद, झुपकेदार मिशी येताना दिसत होती. बैलगाडीवाल्यांनी बैल बाजूला घेतले, सायकलवाले उतरले.

"महादेवराव," खुशालराव ओरडून म्हणाले, "चौकात गाडी दूर नेऊ नका बरं. फाटन ना मिशी."