पश्चिमेची काच

महाळुंग्याच्या हद्दीत शिरलं की आधी गोरक्षशेठची इमारत दिसायची. चार मजले, चारी बाजूंनी निळी काच. घरच्या जमिनीचा मोठा तुकडा एमआयडीसीत गेला, तेव्हा रस्त्याकडेला उरलेल्या तुकड्यावर त्यानं ती हौसेनं बांधली होती. आजूबाजूला सगळी पत्र्याची शेडं आणि गोदामं, त्यात ही एकटीच चकाकायची. उन्हं कलली की पश्चिमेची काच अशी पेटायची, की कंपन्यांच्या बसमधली माणसं मान वळवून बघायची. गोरक्ष त्या वेळी मुद्दाम रस्त्यापलीकडच्या टपरीवर बसलेला असायचा. हातातला चहा गार झाला तरी त्याला पत्ता नसायचा.

दुसऱ्या मजल्यावर गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग करणारी एक कंपनी भाड्यानं होती. तिथलं ऑफिस तनुजा मॅडम सांभाळायच्या. बोलायला मऊ बाई, पण दर उन्हाळ्यात त्यांची एकच तक्रार: दुपारनंतर पश्चिमेकडच्या टेबलांवर बसवत नाही, एसी कितीही वाढवला तरी. गोरक्षनं एकदा एसीवाला पाठवला, एकदा पडदे बसवून दिले. शेवटी तिथल्या लोकांनी खोक्यांचे पुठ्ठे फाडून काचेला आतून चिकटवले. ते रस्त्यावरून दिसले तसा गोरक्ष तडक वर गेला. एवढ्या देखण्या इमारतीला ही ठिगळं कशाला, असं म्हणून त्यानं पुठ्ठे काढायला लावले. कोपऱ्यातल्या टेबलावरचा नवनाथ मुकाट्यानं उठला, पुठ्ठे काढले आणि पुन्हा कामाला बसला. नंतर तो डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून काम करायचा.

दिवाळीनंतर कंपनीनं जागा सोडत असल्याचं कळवलं. ओढ्यापलीकडे नवीन ऑफिसं झाली होती, पर्यावरणाला जपून बांधलेली, तिकडे ते चालले होते. गोरक्षला वाटलं, भाड्याचा प्रश्न असणार. त्यानं भाडं कमी करायची तयारी दाखवली. तनुजा मॅडम थोड्या अवघडल्या. तिकडचं भाडं इथल्यापेक्षा जास्तच आहे, म्हणाल्या. हे त्याला फार लागलं.

मग त्यालाही चेव चढला. लोकांना हिरवं आवडतंय ना, घ्या हिरवं. राजगुरुनगरच्या एका नर्सरीवाल्याकडून त्यानं दर्शनी काचेवर कुंड्यांची उभी भिंत करून घेतली आणि वर 'ग्रीन बिझनेस सेंटर' असा बोर्ड लावला. फेब्रुवारीत ती भिंत झकास दिसली. मार्चमध्ये पानं करपायला लागली. एप्रिलमध्ये नर्सरीवाल्यानं फोन उचलणं बंद केलं. झाडं वाळली तरी कुंड्यांना जोडलेल्या नळीचं पाणी खालच्या मोटारसायकलींवर ठिबकत राहिलं. दुसरा मजला रिकामाच होता.

मे महिन्यात एका दुपारी, अनामत रकमेच्या सहीचं निमित्त काढून तो ओढ्यापलीकडच्या इमारतीत गेला. बाहेरून बघून त्याचा जीव थोडा भांड्यात पडला, कारण बघण्यासारखं काहीच नव्हतं. विटांच्या रंगाच्या साध्या भिंती, खिडक्यांवर हातभर पुढे आलेले सज्जे, पश्चिमेला भाजक्या मातीची जाळी. मध्ये उघडा चौक, आणि पूर्वीच्या बांधावरचं एक उंबराचं झाड तसंच राखलेलं. मॅडम मीटिंगमध्ये होत्या म्हणून तो झाडाखालच्या बाकावर टेकला. चौकातून वारा येत होता. बघता बघता त्याचा डोळा लागला.

तनुजा मॅडमनी हाक मारली तेव्हा तो ओशाळून उठला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, इथं येणारे बरेच जण असेच झोपतात. मग त्यांनी त्याला आत फिरवलं. खिडक्या उघड्या होत्या, छताचे पंखे चालू होते, एसी तेवढा मीटिंगच्या खोलीत. दिवे बंद असूनही सगळीकडे उजेड होता, आणि डोळ्यांवर येत नव्हता. नवनाथ इथंही पश्चिमेच्या खिडकीशीच बसला होता. गोरक्षला बघून तो उभा राहिला.

"कसं वाटतंय इथं?" गोरक्षनं विचारलं.

"डोकं दुखायचं थांबलं, शेठ," नवनाथ म्हणाला. "तिकडं रोज गोळी घेऊन घरी जायचो."

त्याच्या आवाजात राग नव्हता.

परत आल्यावर तो सरळ आपल्या दुसऱ्या मजल्यावर गेला आणि एसी न लावता पश्चिमेच्या काचेशी खुर्ची ओढून बसला. जरा वेळातच सदरा अंगाला चिकटला. डोळे मिटले तरी पापण्यांतून लाल दिसत होतं. तो उठला, रस्ता ओलांडून घरी आला.

त्याची आई सारजाबाई घरामागं गोठ्याच्या भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. पूर्वी ती ओट्यावर बसायची. रस्त्याचा गोंगाट नको म्हणून मागं बसत असेल, असंच तो आजवर धरून चालला होता. आज त्यानं विचारलं.

"गोंगाटाचं काय न्हाई," ती म्हणाली. "दुपारच्याला तुझ्या काचंची तिरीप वट्यावर येती. डोळं दिपत्यात."

"मग इतक्या वर्षांत सांगितलं का नाही?"

"येवढ्या हौसंनं बांधली तू. काय सांगायचं?"

गोरक्ष तिच्याजवळ खाली बसला आणि शेंगा फोडू लागला.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेखर इंजिनिअरला बोलावलं. सगळी इमारत पाडायची गरज नाही, शेखर म्हणाला. पश्चिमेची काच तेवढी उतरवू, कमरेपर्यंत पोकळ विटांची भिंत घेऊ, वर उघडणाऱ्या खिडक्या, बाहेर सज्जे आणि जाळी. छताला पांढरा लेप देऊ. टपरीवर ही बातमी पोचली तेव्हा लोकांनी गोरक्षला वेड्यात काढलं. अरे, तोंडच काढून टाकतोस की इमारतीचं, असं त्याचा चुलतभाऊ म्हणाला. खरं तर गोरक्षला स्वतःलाही तसंच वाटत होतं.

काच उतरवायच्या दिवशी तो घरातच बसणार होता, पण राहवलं नाही. वर गेला तर पहिली मोठी काच दोरांवर लोंबत खाली चालली होती. तिच्या जागी पडलेल्या भोकातून भामचंद्राचा डोंगर दिसत होता. इतकी वर्षं तो निळा दिसायचा. आता वाळल्या गवताचा, पिवळट, होता तसा दिसला. वाऱ्याचा झोत आत आला आणि फरशीवरची धूळ उडाली. मजुरांनी तोंडं फिरवली. गोरक्ष तसाच उभा राहिला.

तनुजा मॅडमची कंपनी परत आली नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. एक दिवस त्या येऊन काम बघून गेल्या आणि चहा घेतला. पुढं त्यांच्याच ओळखीनं मुलींना मशीन ड्रॉइंग शिकवणारी एक संस्था अर्ध्या मजल्यात आली. उरलेला अर्धा अजून रिकामा आहे.

संस्थेच्या मुलींनी पहिल्याच दिवशी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि दुपारी तक्रार आली: ट्रेलर गेला की टेबलांवर धूळ बसते. गोरक्ष आधी वैतागला. मग खाली उतरून रस्त्याच्या कडेनं चालत गेला आणि कुठं कुठं खड्डे घेता येतील ते बघून आला. त्याच आठवड्यात त्यानं कडुनिंब आणि करंजाची रोपं लावली, भोवती काटेरी कुंपण केलं. ती खिडकीपर्यंत पोचायला वर्षं जातील, हे त्यानं मुलींना सांगून टाकलं. तोवर टेबलं ओल्या फडक्यानं पुसा, म्हणाला, आणि रोपांना पाणी घालायला गेला.