एकाच बॅटरपुरता

कामिशिमा हेरॉन्स या बेसबॉल संघाच्या कचेरीत त्या उन्हाळ्यात एकच प्रश्न होता आणि तो कोणी मोठ्याने विचारत नव्हतं: इसोगाईला कधी सांगायचं?

इसोगाई तेत्सुरो, वय एकेचाळीस, वीस वर्षं याच संघाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. त्याच्या नावाचे शर्ट अजून सगळ्यांत जास्त खपत. चेंडू मात्र पूर्वीसारखा जात नव्हता. जुलैत लागोपाठ तीन सामन्यांत त्याचे चेंडू झोडपले गेले, तरी स्टेडियम भरत होतं, म्हणून अध्यक्ष त्सुकुदा गप्प होते. मग एक दिवस त्या भरलेल्या स्टेडियममध्ये लोक ओरडायचे सोडून हळहळायला लागले, तेव्हा त्सुकुदांना जाग आली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "सप्टेंबरात, घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात मानाने निरोप देऊ. कुरामोची-सान, तुम्ही बोला त्याच्याशी. तुम्ही त्याचे कॅचर होता, अकरा वर्षं त्याचे चेंडू झेललेत."

कुरामोची आता खेळाडू निवडणाऱ्या विभागाचा प्रमुख होता. ज्यांना घरी पाठवायचं त्यांना तसं सांगणं हेही त्याचंच काम. आजवर चाळीसएक जणांना त्याने समोर बसवून सांगितलं होतं, आणि आवाज कधी कापला नव्हता. इसोगाईचं नाव निघालं आणि गड्याने तोंडात मिठाची गुळणी धरली.

ऑगस्टमध्ये तो इसोगाईला भाजलेली वाम खायला घेऊन गेला.

"कंबर कशी आहे?"

"झकास."

"मुलगी आता कॉलेजात जाईल ना? माणसाने घरी वेळ द्यावा."

"ती मला घरात बघून वैतागते, कुरा-सान. म्हणते, बाबा, तुम्ही सगळा सोफा अडवता."

"तुझ्यासारख्याने टीव्हीवर बसून सामन्यांवर बोलावं. लोक ऐकतील."

"म्हातारा झालो की बोलेन! पुढच्या वर्षासाठी नवा, बुडणारा चेंडू टाकायला शिकतोय, आधी तो तर बघा."

कुरामोचीने वामेचा आणखी एक तुकडा मागवला. आमच्याकडे अर्ध्या गोष्टी न बोलताच सांगायच्या असतात; लग्नं मोडतात तीसुद्धा तशीच. तेव्हा जे समजायचं ते इसोगाईला समजलं असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना म्हणाला, "बोललो. कळलंय त्याला." धडधडीत खोटं. पण भित्रेपणाला सभ्यतेचा कोट चढवला की तो पटकन ओळखू येत नाही.

पुढचं सगळं आपोआप होत गेलं. फुलं सांगितली गेली. माईकची सोय झाली. बातमी इसोगाईने सामन्यानंतर स्वतःच्या तोंडाने द्यावी असं ठरलं, म्हणून वर्तमानपत्रांना कोणी काही बोललं नाही. कुरामोचीने पाहुण्या संघाला फोन केला. निवृत्त होणाऱ्या पिचरने शेवटचं एकाच बॅटरला खेळवायचं आणि त्या बॅटरने तीनदा हवेत बॅट फिरवून बाद व्हायचं, ही जुनी रीत. पाहुण्यांनी लगेच होकार दिला. इसोगाईला कोणी विचारलंच नाही, कारण त्याला कळलेलंच होतं.

सामना दुपारचा होता. पहिल्या बॅटरने तीन चेंडूंवर तीनदा बॅट फिरवली, तीही चेंडूपासून वीतभर लांबून. मग हेल्मेट काढून कमरेत वाकला. इसोगाईने मूठ आवळून आकाशाकडे उंचावली.

प्रशिक्षक त्याच्याजवळ गेला. "छान झालं, तेत्सू. चल."

"कुठे चल? आत्ता तर सुरुवात आहे! पाहिलात ना नवा चेंडू कसा बुडतो?"

प्रशिक्षकाने मैदानाच्या कडेला पाहिलं. तिथे खेळाडूंच्या खोल्यांकडे जाणाऱ्या बोगद्याच्या तोंडाशी कुरामोची फुलांचा गुच्छ घेऊन उभा होता. त्याने मान खाली घातली. तीस हजार माणसांसमोर प्रशिक्षक तरी काय सांगणार? तो परत फिरला.

रीत एकाच बॅटरपुरती असते. दुसऱ्याने चेंडू भिंतीवर मारला, तिसऱ्याने भिंतीपलीकडे. इसोगाई दर फटक्यानंतर आपली बोटं निरखत होता. सहाव्या बॅटरनंतर त्याने स्वतःच हात वर करून प्रशिक्षकाला बोलावलं, चेंडू दिला आणि चालत बोगद्यात आला.

"फुलं कोणासाठी?"

"तुझ्यासाठी."

इसोगाईने फुलांकडे पाहिलं. "तो पहिला पोरगा. मुद्दाम हुकला?"

"हो."

"अकरा वर्षं बॅटरमागे बसून तुम्ही बोटाने खूण केलीत तो चेंडू मी टाकला, कुरा-सान. एकदा तरी मान हलवून नाही म्हटलं? नुसतं 'बास' म्हणाला असतात, तर त्याच दिवशी थांबलो असतो."

कुरामोचीला स्वतःची विलक्षण लाज वाटली. "तेत्सू, पुढच्या वर्षी संघात तुझ्यासाठी जागा नाही," तो म्हणाला. एवढंच वाक्य होतं. म्हणायला एक श्वास लागला.

इसोगाईने मान डोलावली आणि तोंड धुवायला गेला.

हेरॉन्स हरले. कोणी उठून गेलं नाही, कारण मैदानात माईक आणून ठेवला होता. इसोगाई त्याच्यापुढे उभा राहिला.

"मी आजपासून थांबतोय. ऑगस्टमध्येच कुरामोची-सानांनी मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. मीच हटवादी. एकच बॅटर ठरला होता, मी सहा घेतले. हरलो ते माझ्यामुळे, माफ करा." लोक रडता रडता हसले. "वाईट बातमी तोंडावर सांगणारा माणूस सगळ्यांच्या नशिबी नसतो. माझ्या नशिबी होता."

कॅमेरे बोगद्याकडे वळले आणि मोठ्या पडद्यावर कुरामोचीचा चेहरा आला. तीस हजार माणसं त्याच्यासाठी उठून टाळ्या वाजवू लागली. त्याने कमरेत वाकून नमस्कार केला, आणि टाळ्या थांबल्या तरी त्याला मान वर करवेना.