निळी दांडी

"सर, आज दांडी लई घट्ट जातीय," ग्लायडरमध्ये पट्टे आवळून बसलेली सुकन्या म्हणाली.

महेश्वर दोराची कडी तपासून आपल्या विमानाकडे निघाला होता. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. "काल दिवसभर ग्लायडर उन्हात उभा होता. ग्रीस आटलं असेल. जोर लावून पुढं ढकल."

तिने ढकलली. "बसली."

"न बसून सांगती कुणाला," पंखाचं टोक धरून उभा असलेला मेकॅनिक सिद्धाप्पा म्हणाला. "मेंढरं हाकणाऱ्या घरची पोर हाय, साहेब. हिच्यापुढं एडकं टिकत न्हाई, दांडीचं काय."

"मेंढरं बरी, सिद्धाप्पाकाका. सांगितलेलं ऐकत्यात. तुमी पंख सरळ धरा."

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना आत, तुरीच्या रानांमध्ये सातशे मीटरची ती मुरमाची धावपट्टी होती. क्लब लहानसाच. ग्लायडर ओढून वर नेणारं एक जुनं विमान, दोन ग्लायडर, बारा-तेरा विद्यार्थी. हवाई दलातून निवृत्त झालेला महेश्वर जुळे सोलापुरात फ्लॅट घेऊन राहिला होता आणि चार वर्षं इथं शिकवत होता. सुकन्या सांगोल्याकडची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. एकटीने उडायची तिची ही तिसरी खेप.

ग्लायडरचा रेडिओ दुरुस्तीला गेला होता. त्यामुळे हवेत दोघांमध्ये बोलणं नव्हतं, फक्त खुणा होत्या. पुढच्या विमानाने पंख डोलवले, तर दोर ताबडतोब सोडायचा. शेपटीचं सुकाणू डावीकडे-उजवीकडे हलवलं, तर तुझे एअरब्रेक उघडे आहेत, ते बंद कर. परीक्षेत तिने दोन्ही खुणा बरोबर सांगितल्या होत्या. परीक्षा क्लबच्या खोलीत, पंख्याखाली झाली होती.

महेश्वरने थ्रॉटल पुढे केला. दोर ताणला, मुरूम उडाला, आधी ग्लायडर आणि मग विमान जमिनीवरून सुटलं. धावपट्टी मागे पडली. तुरीचं पहिलं रान ओलांडताना उंची रोज दोनशे फूट असते. आज काटा नव्वदवर होता आणि तिथेच अडला होता.

त्याने इंजिन पाहिलं. पूर्ण ताकद होती. तापमान ठीक होतं. मग आरशात पाहिलं.

ग्लायडरच्या दोन्ही पंखांवर एअरब्रेकच्या पट्ट्या उभ्या होत्या.

पंखाच्या पाठीवरून हवा वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो, आणि पंख उचलला जातो. त्या पाठीवर वीतभर उंचीची पट्टी उभी केली की वाहती हवा फाटते. पट्टीमागची उचल मरते आणि मागची ओढ वाढते. ग्लायडर उतरवायचा तर हेच लागतं, नाहीतर तो तरंगतच राहतो. पण चढताना पट्ट्या बंद हव्यात, आणि नुसत्या बंद नव्हे, कुलूपबंद. डाव्या हाताची निळी दांडी पुढे ढकलून एका कठीण जागेपलीकडे नेली की कुलूप बसतं. ते बसलं नसेल, तर वेग वाढताच पंखावरचा कमी दाब पट्ट्यांना आपोआप वर खेचून घेतो, आणि दांडीही मागे सरकते. कुणी हात लावावा लागत नाही.

काल खंडेनवमी होती. हलतं ते सगळं पुजायचं, असं महेश्वरनेच सांगितलं होतं. सिद्धाप्पाने पट्ट्या उघडून त्यांना कुंकू लावलं होतं, वर झेंडूची फुलं वाहिली होती. पट्टी मिटते त्या खाचेत एक देठ राहिला तरी पुरे. तो दांडीला कठीण जागेच्या अलीकडेच अडवणार, आणि ढकलणाऱ्याला वाटणार, बसली. तिने विचारलं होतं. आपण ग्रीस म्हणालो.

समोर दीड किलोमीटरवर उच्चदाबाच्या तारा होत्या. मनोरे शंभर फुटांचे. या वेगाने पन्नास सेकंद. डावीकडे दगडाची खाण, उजवीकडे वस्ती. वळायला गेलं तर उरलेली उंचीही जाणार होती.

त्याच्या गुडघ्याजवळ पिवळी मूठ होती. ती ओढली की दोर त्याच्या बाजूने सुटतो. नियमही तेच सांगतो, विमान धोक्यात असेल तर ग्लायडर सोडा. मूठ ओढली असती, तर तो तारांवरून आरामात गेला असता. उघड्या पट्ट्यांनिशी सुकन्या मात्र खाणीत गेली असती.

त्याने मुठीवरचा हात काढला आणि सुकाणूवर पाय दिला. डावा, उजवा, डावा. शेपूट हलली. त्या हलण्याने विमानाचा होता तो वेगही कमी झाला. उंचीचा काटा पंच्याऐंशीवर आला.

आरशात काही बदललं नाही. ती त्याच्याकडेच बघत असणार. पुढचं विमान वर का जात नाही, असा विचार करत असणार. तिचा डावा हात दोर सोडायच्या मुठीजवळ असणार, कारण चढताना हात तिथेच ठेवायचा हे त्यानेच शिकवलं होतं. घाबरून तिने या खुणेला दोर सोडायची खूण समजलं, तर सगळं दोन सेकंदांत संपणार होतं.

मनोऱ्यांवरच्या चिनी मातीच्या चकत्या आता वेगवेगळ्या दिसू लागल्या. त्याचा हात पुन्हा पिवळ्या मुठीवर गेला. तारांच्या अलीकडे बाभळींची एक रांग होती. तिथपर्यंत थांबायचं, त्याने ठरवलं. तिथं ओढायचं. मग पुन्हा पाय दिला. डावा, उजवा, डावा, उजवा.

बाभळी नाकाखाली आल्या. त्याची बोटं मुठीवर वळली.

आरशातल्या पट्ट्या हलल्या. अर्ध्या आत गेल्या, तिथे अडल्या, आणि एका झटक्यात दिसेनाशा झाल्या. कुणीतरी मागून धरलेलं सोडून द्यावं तसं विमान वर उसळलं. तारा चाकांखालून गेल्या. त्याने त्या मोजल्या नाहीत.

दोन हजार फुटांवर सुकन्याने नेहमीसारखा दोर सोडला आणि उजवीकडे वळली. तो डावीकडून खाली आला.

"साहेब, तारांपाशी काय झालं?" सिद्धाप्पा पळत आला.

"ब्रेक उघडले होते. आता बंद आहेत."

सिद्धाप्पाने वर पाहिलं. "अय्यो. आता ती पोर त्या दांडीला पुन्ना हात लावंल व्हय?"

महेश्वरही तोच हिशेब करत होता. ब्रेकशिवाय हा ग्लायडर जमिनीलगत तरंगत सातशे मीटर सहज पार करतो. पुढे कुंपण, आणि कुंपणाला लागून दगडी विहीर. त्यात भर म्हणजे वेळेवर न उघडता शेवटी एकदम पूर्ण उघडले, तर दहा फुटांवरून दगडासारखा आपटतो.

ती वीस मिनिटं वर फिरत राहिली. मग वळली आणि धावपट्टीच्या रेषेत आली. उंच होती. पंखांची पाठ साफ होती.

"उघडंना की," सिद्धाप्पा म्हणाला.

खालून हात हलवून सांगायला एअरब्रेकची कुठलीच खूण ठरलेली नव्हती. ग्लायडर धावपट्टीच्या टोकावरून आत आला, त्यांच्यासमोरून पुरुषभर उंचीने शीळ घालत गेला. अर्धी पट्टी संपली. काचेआडचा तिचा चेहरा सरळ पुढे होता.

मग बोटभर पट्टी वर आली. थांबली. चार बोटं. अर्धी. ग्लायडर हळूहळू बसत गेला, चाक टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं. आता पट्ट्या पूर्ण उभ्या होत्या. कुंपणाच्या वीस पावलं अलीकडे तो थांबला आणि एका पंखावर कलला.

महेश्वर पळत गेला. त्याने काच उचलली. तिची मूठ निळ्या दांडीवर होती, बोटं पांढरी पडली होती.

"सोड आता."

"सोडली तर?"

"तर काही नाही. जमिनीवर आहेस."

तिने एकेक बोट काढलं. "पयल्यांदा शेपूट हलली तवा मला वाटलं, तुमचंच इमान बिघडलं. दोर सोडणारच हुते."

"मग?"

"कोपर मागं घेतलं, तर दांडी कोपराला लागली. तिनं तितं असायचं न्हाय."

तो ग्लायडरच्या कडेला हात टेकून उभा राहिला. दम लागला होता. "निघताना तू घट्ट म्हणालीस. मी येऊन बघायला पाहिजे होतं."

सिद्धाप्पा मागून पोचला आणि कललेल्या पंखाचं टोक उचलून धरलं.

"व्हय सर," सुकन्या पट्टे सोडवत म्हणाली. "बघायला पायजे हुतं."