बिनधन्याचा प्रोग्राम

“काका, जरा पाय वर घ्या,” बाकाखालून केबल ओढत तंत्रज्ञ म्हणाला.

काकांनी पाय वर घेतले. हॉस्पिटलचं नेटवर्क सकाळपासून बसलं होतं आणि बायकोच्या स्कॅनचा रिपोर्ट डॉक्टरांपर्यंत पोचत नव्हता. भिंतीवरच्या कपाटातलं जळकं यंत्र काढून तंत्रज्ञानं नवं बसवलं होतं. पण नवं यंत्र म्हणजे कोरी पाटी. पोटात फाइल गेल्याशिवाय ते ढिम्म हलणार नव्हतं. त्यानं लॅपटॉप मांडीवर घेऊन एक छोटी राखाडी खिडकी उघडली, आणि काका पुढे झुकून बघू लागले.

तो प्रोग्राम त्यांचा होता. अशा यंत्रांना फाइल पोचवायची, एवढंच जाणणारा, मुठीएवढा. कुणीही वापरावा, कुणीही उघडून बघावा, म्हणून त्यांनी तो जगाला फुकट देऊन टाकला. मग वर्षानुवर्षं रविवार गेले ते अनोळखी माणसांच्या तक्रारी निस्तरण्यात. “भाजा लष्कराच्या भाकऱ्या,” बायको म्हणायची, आणि चहा कीबोर्डपाशी ठेवून जायची.

“हे मी लिहिलंय,” त्यांना राहवलं नाही.

“असेल हो.” तंत्रज्ञानं मानही वर केली नाही. “फुकटची वस्तू, काका. तिला कुठला आलाय धनी?”

“पण चालतं ना नीट?”

“चालतं की. म्हणून तर कुणी चौकशी करत नाही.”

खिडकीतली पट्टी सरकत सरकत भरली. हिरवे दिवे लागले. “आलं, आलं!” काउंटरवरून नर्स ओरडली. आपला प्रोग्राम कुणाच्या उपयोगी पडताना काकांनी डोळ्यांनी प्रथमच पाहिला. छाती जरा कुठे भरून येत होती, तोच डॉक्टरांनी आत बोलावलं.

“यकृतापर्यंत गेलंय,” संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवत डॉक्टर म्हणाले. “आता त्रास कमी करायचा, एवढंच आपल्या हातात. महिन्यांची आशा धरू नका.”

वॉर्डात बायको उशीला टेकून बसली होती.

“आला का हो रिपोर्ट?”

“कुठला! नेटवर्क बंद पडलंय त्यांचं.” काका चादरीची सुरकुती काढत राहिले.

“मग इथे काय बसलात?” ती हसली. “तुमचंच तर काम ते. जाऊन बघा ना जरा. बिचारे खोळंबले असतील सगळे.”

“बघतो,” ते म्हणाले.

बाहेर तंत्रज्ञ केव्हाच निघून गेला होता. कपाटाला कुलूप होतं. काका त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले, मान वाकवून, हात पुढे घेऊन, काहीतरी जुळवत असल्यासारखे. वॉर्डाचं दार उघडं होतं, आणि खाटेवरून ती बघत होती.