गाड्याच्या छपरावरचा अंगठा

साहेब, आमच्या गावातली माणसं तुम्ही नकाशावरून पुसून टाकलीत. एकेक करून नव्हे, सगळी एकदम. आणि पुसून झाल्यावर जी मोकळी जागा उरली तिला नाव दिलंत ‘समूहजीवन संवर्धन व भावी विकास आराखडा’. एवढं लांबलचक नाव ठेवायला वेळ मिळाला, गावात एक फेरी मारायला नाही मिळाला.

तेव्हा आधी गाव सांगतो. आंबेखोल. डिचोलीहून पेडण्याकडे निघालं की लागतं. पूर्वी इथं खाणीचे ट्रक थांबायचे आणि ड्रायव्हर तोंड धुवायचे, तेवढीच आमची प्रगती. मग कॉलेज आलं. आता सकाळच्या बशींतून पोरंपोरी उतरतात, कोण दोडामार्गाकडची, कोण वाळपईकडची. उतरल्यावर ती कॉलेजात जात नाहीत. आधी समोर कमळाक्षीच्या गाड्यावर जातात. तिला सगळा गाव कमळवयनी म्हणतो. गाडा म्हणायचा एवढंच, चाकं कधीच जमिनीत रुतलीत. वर निळा पत्रा, बाजूला दोन बाकं. पातळ भाजी, पाव, मिरची, चहा.

माझं पंक्चरचं दुकान गाड्याला लागून आहे, म्हणून खात्रीनं सांगतो. गावातलं समूहजीवन जे काय आहे ते त्या दोन बाकांवर बसलेलं असतं. जत्रेच्या नाटकातल्या भूमिका तिथं वाटतात आणि भांडणंही तिथंच होतात, कारण म्हातारा व्हायला कोणीच तयार नसतो. कोणाला रक्त हवं असलं तर देणारा तिथं सापडतो. पोरांच्या भाड्याच्या खोल्या तिथं ठरतात. लग्नं तिथं जुळतात आणि मोडतात, मोडलेल्यांना वयनी चहा फुकट देते.

नेमकं तिथं तुम्ही कारंजं दाखवलंत.

कॉलेजच्या सभागृहात तुमचा गोकुळदास पडद्यावर चित्रं दाखवत होता. गोकुळदास आमच्याच गावचा. पंचायतीच्या निवडणुकीत आपटला आणि तुमच्या गाडीत उठून बसला. वयनीनं मागून हात वर केला.

“गोकुळदासबाब, माझो गाडो खंय?”

“थंय कारंजां येतलां, वयनी. लाइटींचां. रंग बदलतलां.”

“आणि हांव?”

“तुमका मासळी बाजाराच्या पाठल्यान जागो दितले.”

“मासळेच्या वासात माझी भाजी कोण खातलो? मांजरां?”

सभागृह हसलं. गोकुळदासही हसला, आणि गणेशचवथीनंतर गाडा हलवायचा असं बजावून गेला. हसणं तिथंच संपलं. वयनीचा नवरा ट्रकावर होता, तो खाणीतच राहिला. मुलगी शालिनी ह्याच कॉलेजात शिकते आणि तिचं शिक्षण त्या निळ्या पत्र्याखाली शिजतं. तुमचं कारंजं रंग बदलणार होतं. शालिनीचं काय बदलणार होतं, ते पडद्यावर नव्हतं.

मग आलं तुमचं मॉडेल. बाहेरच्या कुठल्याशा मोठ्या कंपनीनं बनवलेलं, भल्या मोठ्या खोक्यातून, टेम्पोतून. चोर्ल्याच्या घाटातल्या वळणांनी तुमच्या भावी विकासाचा पार चुरा केला. खोकं उघडलं तेव्हा वाचनालयाचं छप्पर नाट्यगृहात घुसलेलं आणि प्लॅस्टिकच्या माणसांची डोकी गटारात. माणसं तरी कसली! कोट घातलेली. एक बाई हॅटवाली, हातात पट्ट्याचा कुत्रा. आमच्या गावात हॅट घालणारा एकच, पोदेर कायतान, पाववाला. तोसुद्धा उन्हाच्या भीतीनं.

अनावरण तोंडावर आलेलं. गोकुळदास धावत दत्तारामाच्या चित्रशाळेत गेला. दत्ताराम म्हणजे आमचा गणपती करणारा. मी तिथंच होतो, सायकलची ट्यूब द्यायला गेलो होतो.

“दत्ताराम, सगळां काम बाजूक ठेव.”

“बाजूक खंय ठेवू? चवथ इली. गणपतींचे डोळे काडूचे रवलेत.”

“गणपतीचे डोळे मागीर. पयलीं सायबाचे डोळे बघ.”

“सायब काय पाटार बसतलो?”

“चेष्टा नको रे. घरां चिकटय. माणसां मोडली ती नवी कर. मातयेची कर, रंग लाय. जागो भरल्यासारको दिसूंक होयो.”

“कसली माणसां करू?”

“माणसां रे! गावात आसतत ना, तसली!”

साहेब, हे वाक्य नीट ऐका. ऑर्डर तुमच्याकडूनच आली होती.

मॉडेल हातगाडीवरून चित्रशाळेत आलं आणि तिथं एक गोष्ट झाली, जी तुमच्या कंपनीच्या बापाला सुचली नसती. आमच्याकडे चवथीआधी घरोघरचे पाट चित्रशाळेत पोचवतात. पाट ठेवायचा आणि तोंडी सांगायचं. पितांबर पिवळा कर, उंदीर उजवीकडे बसव, गेल्या वर्षी कान लहान झाले होते हो. मग मधेमधे येऊन बघून जायचं, आपला कुठवर आला. तशी माणसं येत होती. आली की गणपतीकडे एकदा बघत आणि मॉडेलावर वाकत.

पहिला वाकला तो भिकाजी, बशीवरचा निवृत्त कंडक्टर.

“हो बाकार बसलेलो कोण रे?”

“तू.”

“हांव? मगे माझी मिशी खंय?”

“बोटाएवढो माणूस, भिकाजीबाब. त्येका मिशी खंयसून काडू?”

“मिशी नाय तर माका थंयसून उठय.”

दत्तारामानं मिशी काढली. ती भिकाजीच्या डोक्याहून मोठी झाली. भिकाजी खूश.

बातमी गावभर झाली आणि रांग लागली. लोकांनी गणपतीसारखीच आपापली ऑर्डर द्यायला सुरुवात केली. निवृत्त शिक्षिका विमलाबाई चष्मा काढून उभ्या राहिल्या. “दत्ताराम, माका बारीक कर. गावाचा भविष्य ना ता? भविष्यात हांव बारीक आसतलंय.” मासळीवाली सुलोचना म्हणाली, “टोपलेत बांगडे नको, इसवण घाल. फुकटचां तर म्हागाचां घाल.” प्राचार्यांनी शिपायाकडून निरोप धाडला की आपली मोटार सावलीत लावावी. वाळपईकडच्या पोरी आल्या. त्यांना स्वतःचे पुतळे नको होते. “आमची शेवटची बस लवकर सुटता. वाचनालयात बसूंक मेळना. एक उशिराची बस कर, दिवे पेटलेली.” दत्तारामानं बस केली आणि खिडक्यांना पिवळा रंग दिला. भावी विकास म्हणतात तो हाच असावा, साहेब. तुमच्या सबंध आराखड्यात बस नव्हती.

एका दुपारी कमळवयनी चहा घेऊन आली. तिनं मॉडेल नीट बघितलं. कॉलेजच्या दारासमोर कारंजं होतं, घाटातून आश्चर्यानं धड आलेलं, आणि त्याच्याभोवती गाव गोळा झालेला.

“वयनी, तुमका खंय ठेवू?” दत्तारामानं विचारलं.

“खंयच नको. नकाशात नसलेल्या माणसान हंय येवन काय करूचां?” तिनं कप मेजावर ठेवले. मग बोट कारंज्याकडे केलं. “ह्येका पाणी खंयसून येतलां रे? माझ्या नळाक येना.”

आणि गेली. चहा तसाच राहिला, दत्तारामाच्या हातातला कुंचलाही तसाच.

मी म्हटलं, “दत्ताराम, एक सांगू? भिकाजी कारंज्याकडे कित्याक बसात? तो काय बदक?”

“नाय.”

“त्येका पाव होयो. विमलाबाईक चाय होयी. गोकुळदासान सांगलान, गावात आसतत तसली माणसां कर. तसली माणसां कारंज्याकडे उभी रवनत नाय. तुझां काम खोटां दिसतलां.”

दत्तारामाला हे पटलं. कलाकार माणूस, काम खोटं दिसेल म्हटलं की त्याला झोप येत नाही.

“आणि कारंजां खंय लावू? उडयलां तर गोकुळदास बोंब मारतलो.”

“माडा-पोफळीच्या कुळागराच्या वळणार पाइप फुटलो आसा. थंय कारंजां केदनाच चालू आसा. थंय लाय.”

दत्ताराम इतका हसला की रंगाचा डबा लवंडला आणि एका बिचाऱ्या गणपतीचा उंदीर हिरवा झाला.

गाडा त्यानं अनावरणाच्या सकाळी केला. निळा पत्रा, दोन बाकं, किटली आणि किटलीमागे पदर खोचलेली वयनी. तिला न विचारता. माती ओलीच होती. गोकुळदास न्यायला आला तेव्हा मॉडेलावर कापड घातलेलं.

“बघू तरी.”

“रंग ओलो आसा. कापड काडलां तर माका इचारू नको.”

मंडप, हार, जेवणाची पातेली हे सगळं गोकुळदासाच्या डोक्यावर होतं. त्यानं विचारलं नाही.

तुम्ही आलात उशिरा. दिवा लावलात, कागद काढलात, कापड ओढलंत. सभागृह खुर्च्यांवर चढलं.

“आवय, तुझी टोपली बघ!”

“भिकाजीची मिशी! ती बघ, मिशी!”

“विमलाबाई खंय? ही? ही विमलाबाई?”

तुम्ही कागदावरून वाचत होतात, “या कारंज्याभोवती आमची युवाशक्ती…” आणि थांबलात, कारण कारंजं नव्हतं. पेपरवाल्या पोरीनं विचारलं, “साहेब, कारंजं त्या वळणावर का? तिथं तर पाइप फुटलाय.” तेव्हा जो हशा झाला तो तुम्ही विसरला नसाल. तुम्ही गोकुळदासाकडे बघितलंत. गोकुळदास छताच्या पंख्याकडे बघत होता, जणू पंखाही आराखड्यात होता.

एक मानतो. तुमचं डोकं झटकन चालतं. दुसरा असता तर रागावला असता. तुम्ही हसलात, कागदाची घडी केलीत, मॉडेलावर वाकलात.

“बंधूंनो, भगिनींनो! विकास म्हणजे काँक्रीट नव्हे. विकास म्हणजे ही माणसं! आणि हा गाडा पाहा. हा गाडा आमच्या आराखड्याचं काळीज आहे! जोवर मी आहे तोवर ह्याला कोणी हात लावणार नाही!”

असं म्हणून तुम्हीच हात लावलात. उजवा अंगठा, निळ्या छपरावर, चांगला दाबून. कॅमेऱ्यांनी फोटो काढले. अंगठा उचललात तेव्हा तो निळा होता आणि छपरावर त्याचा ठसा उमटला होता. एकेक रेघ मोजून घ्यावी असा.

सगळ्यांनी मागे वळून वयनीकडे बघितलं. ती मिरच्यांचं ताट घेऊन पुढे आली. तुम्हाला म्हणाली, “सायबानु, ह्यो घेवा. माझ्या काळजातल्यो.” तुम्ही चावा घेतलात आणि डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की साहेब गहिवरले. आमच्या बाकावर ती बातमी मोठ्यानं वाचली गेली, दोनदा.

चवथ झाली. गणपती गेले. हिरव्या उंदरासकट. आणि गोकुळदास पुन्हा आला. गाडा हलवा.

वयनी पाव कापत होती. सुरी थांबली नाही. “सायब काय बोललो तां तुवें आयकलंस मरे?”

“आयकलां.”

“मगे?”

“वयनी, मॉडेल वेगळां, प्लॅन वेगळो. मॉडेल दाखवपाक आसता.”

“आणि सायब बोललो तां?”

“तांय दाखवपाकच.”

बाकावरचं कोणी हसलं नाही. शालिनी हिशेबाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती, तिनं वही मिटली. गोकुळदास तिच्याकडे बघेना. जाताना एवढंच म्हणाला की बुधवारी जेसीबी येणार, सामान काढून ठेवा, माझ्या हातात काय नाही. वाईट त्यालाही वाटत असावं. तो रोज दोन मिरच्या खातो.

तुमचं मॉडेल आता कॉलेजच्या अडगळीच्या खोलीत मोडक्या बाकांखाली पडलंय. आम्ही जाऊन बघितलं. भिकाजीच्या मिशीला मुंग्या लागल्यात. बस मात्र अजून दिवे लावून उभी आहे. तिथं सगळं आहे, गाडा तेवढा नाही. तो दत्तारामानं आधीच तारेनं अलगद कापून आणला. आता तो वयनीच्या काचेच्या बरणीत आहे, लाडवांच्या बरणीशेजारी. माती भाजलेली नाही, पाणी लागलं तर विरघळेल, म्हणून वयनी झाकण घट्ट लावते. सकाळच्या बशीची पोरं आधी बरणीवर वाकतात, मग भाजी मागतात.

काल भिकाजीनं विचारलं, “शिकलेलो माणूस सही करता. ह्येणा अंगठो कित्याक मारलान?”

वयनी म्हणाली, “सही फिरता, भिकाजीबाब. अंगठो कसो फिरतलो?”

तेव्हा साहेब, बुधवारी यंत्र पाठवायच्या आधी स्वतः या. बाकावर बसा. चहाचे पैसे वयनी घेणार नाही, ते मी सांगतो. बरणी पुढ्यात ठेवतो, उजवा हात तिच्याशेजारी ठेवा, आणि आमच्या सगळ्यांच्या देखत, शालिनीच्या तोंडाकडे बघून, एवढं एकच सांगा.

हा अंगठा तुमचा आहे की नाही?